मऊ निघालेले कंद

१

ताई गेली तेव्हा ट्यूलिपचे कोंब जेमतेम बोटभर वर आले होते. आधीच्या शरदात तिनं स्वतः, गुडघ्यांखाली पोतं घालून, एकेक कंद पुरला होता. त्यातलं एकही फूल तिच्या नजरेला पडलं नाही. थंडी सरली, अंगण लाल-पिवळ्या रंगांनी नुसतं पेटलं, आणि ते बघायला घरात उरली एकटी धाकटी बहीण. तिनं जन्मात कधी मातीत हात घातला नव्हता.

तिला छोटी म्हणत. छप्पन्न वर्षांची झाली तरी छोटीच. वाचनालयाच्या तळघरात, बांधणीच्या खोलीत, ती तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत आली होती. सुई, दोरा, खळ, पुठ्ठा. कागदाशी तिचं जमायचं, झाडांशी ताईचं. ही वाटणी कुणी केली नव्हती, पण दगडावरची रेघ होती.

पंधरा दिवसांत फुलांनी माना टाकल्या. मग छोटीला ताईचं बोलणं एकेक करून आठवायला लागलं. दरवर्षी कानावर पडलेलं आणि दरवर्षी सोडून दिलेलं. सुकलेलं फूल खुडायचं, बी धरू द्यायचं नाही. पान मात्र हिरवं असेतो तोडायचं नाही, कितीही भिकार दिसलं तरी.

"फूल आपल्यासाठी असतं गं," ताई म्हणायची. "पान कंदासाठी. आपली हौस फिटली म्हणून त्याच्या ताटातलं काढून घ्यायचं होय?"

म्हणून छोटीनं दीड महिना ती लोळलेली, पिवळटलेली पानं तशीच ठेवली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अहो, कापून टाका ना, किती ओंगळ दिसतंय." छोटी नुसती हसली. ओढल्यावर पानं अलगद हातात यायला लागली, तेव्हा खुरप्यानं तिनं सगळे कंद उकरले. माती झटकली. पाणी लावलं नाही, पाण्यानं कुजतात. मोठ्या कंदांना बिलगलेली पिल्लं सोडवून वेगळी केली. मागच्या खोलीत ताईनं जुन्या खोक्यांच्या पट्ट्या ठोकून केलेली मांडणी होती. तिच्यावर एकाला दुसरा लागणार नाही असे ओळीनं मांडले.

आता दाबून बघायचं तेवढं राहिलं होतं. ताई प्रत्येक कंद अंगठ्यानं दाबायची. घट्ट तो मांडणीवर राहायचा. मऊ तो खिडकीच्या कट्ट्यावर, वर्तमानपत्राच्या घडीवर जायचा, तिथून कचऱ्यात. एक मऊ राहिला तर अख्खी ओळ नासते.

छोटीनं दहा-बारा दाबून बघितले. तिला सगळे सारखेच लागले. "जाऊ दे, उद्या बघू," असं स्वतःशीच म्हणून तिनं दार लोटलं.

२

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली, तर खिडकीच्या कट्ट्यावर तीन कंद होते.

खाली वर्तमानपत्र होतं. चार पदरी घडी, कडेला कड लावलेली.

मीच ठेवले असतील, छोटीला वाटलं. ताई गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतंच. एकदा तिनं साबण फ्रीजमध्ये ठेवला होता आणि लोणी मोरीत. अशा माणसानं तीन कंद कट्ट्यावर ठेवले आणि विसरून गेलं, तर त्यात नवल ते काय?

पण तिला तर मऊ-घट्ट कळलंच नव्हतं. मग हे तीन कशावरून काढले?

तिनं स्वयंपाकघरातली सुरी आणली. कंद वरून तांबूस, कोरडे, कुठे डाग नाही. मधोमध कापले. तिन्हींच्या पोटात तपकिरी कडं होतं, बोट लावलं की चिकटणारं. मग ताडून बघायला तिनं मांडणीवरचा एक कापला. तो आतून दुधासारखा पांढराशुभ्र निघाला, आणि मधल्या कोंबात पुढच्या वर्षीचं फूल, तांदळाच्या दाण्याएवढं, तयार होऊन बसलेलं. तिला एकदम चुटपुट लागली. चांगल्या जिवाचे उगाच दोन तुकडे केले होते.

३

छोटी भित्री नव्हती, आणि भोळीही नव्हती. उंदीर असेल, म्हणून तिनं सापळा लावला. सापळ्यातली पोळी वाळून कडक झाली. खिडकीची कडी आतून लावलेली होती, ती तशीच होती. कट्ट्यावर मात्र रोज एखाद-दुसरा कंद येत होता. कापला की आतून नासका निघत होता. एकदाही चूक नाही.

मग तिनं आपल्या धंद्यातली युक्ती केली. फाटलेलं पान जोडायचा कागद असतो, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. श्वास लागला तरी हलतो. त्याची पट्टी तिनं सकाळी निघताना मागच्या खोलीचं दार आणि चौकट यांच्यावर खळीनं चिकटवली. दार केसभर उघडलं तरी ती फाटली असती.

संध्याकाळी पट्टी जशीच्या तशी होती. तिनं ती स्वतःच्या हातानं फाडली, दार उघडलं.

कट्ट्यावर दोन कंद.

पुढच्या रविवारी भरदुपारी ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एका शब्दकोशाचा कणा शिवत होती. बाहेर लख्ख ऊन. रस्त्यावर कुणाचा तरी रेडिओ. आणि मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला: सुकलेल्या सालींची सळसळ. थांबली. पुन्हा सळसळ, जरा पुढे. पुन्हा थांबली. ओळीनं, घाई न करता, कुणीतरी एकेक कंद हातात घेऊन खाली ठेवत होतं. आणि मग थोड्या वेळानं लाकडावर एक हलकीशी टप.

छोटीच्या हातातली सुई तशीच राहिली. हा आवाज तिनं गेली कितीतरी वर्षं उन्हाळ्याच्या दर रविवारी ऐकला होता. इतका ऐकला होता, की ऐकू येतच नव्हता.

"ताई?" ती म्हणाली.

सळसळ थांबली नाही. तिच्या हाकेनं काहीच झालं नाही. ओळ संपेपर्यंत चालू राहिली आणि मग बंद पडली.

छोटी टेबलावर डोकं टेकून रडली. घाबरून रडली असं म्हणावं, तर ते अर्धंच खरं आहे.

४

उरलेलं अर्धं असं होतं.

मागच्या हिवाळ्यात ताईचा कोट सैल झाला. छोटीनं तो दोन्ही अंगांनी आत घेतला. महिन्याभरानं पुन्हा सैल झाला. तिनं पुन्हा आत घेतला, आणि दातानं दोरा तोडत कुरकुरलीसुद्धा, "एकदाच काय ते बारीक हो बाई, मला दुसरी कामं आहेत." ताई हसली होती. दोनदा शिवण उसवली, दोनदा घातली, कोटाच्या आत किती माणूस उरलंय ते हातांना कळत होतं, आणि तरी छोटीनं विचारलं नाही.

आणखीही एक गोष्ट होती, ती तिनं भावाला, दादालाही सांगितली नव्हती. कंद पुरायच्या आदल्या दिवशी मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ताई मांडणीसमोर उभी होती, पाठमोरी, सदरा जरा वर केलेला. आणि ती बरगडीखाली, उजव्या अंगाला, अंगठ्यानं दाबून बघत होती. एकदा. मग जरा खाली, पुन्हा एकदा. छोटीला वाटलं खाजवतेय. ती चहा टाकायला निघून गेली.

एका घरात, एका छताखाली, छप्पन्न वर्षं काढली. मऊ काय, घट्ट काय, तिला कळलं नाही ते नाहीच.

५

दादा दोघींच्या मधला. गाडी शिकवायच्या शाळेत मास्तर होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबत आला, असं तो स्वतःच म्हणायचा. त्याचं लग्न मोडून वीस वर्षं झाली होती. तेही तो हसण्यावारी न्यायचा. "बायकोला गाडी शिकवली, आणि ती गाडी घेऊनच गेली की!" दर रविवारी संध्याकाळी तो चहाला यायचा. त्याचा निळा, मोठा कप स्वयंपाकघरात हुकाला टांगलेला असायचा. त्याच्या शेजारी छोटीचा हिरवा.

त्या रविवारीही तो आला, दोन कप चहा प्यायला, बहिणीच्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "छोटे, तू जरा बाहेर पड. घरात बसून बसून तुला बुरशी येईल." मग स्वतःच्याच विनोदावर खो खो हसून निघून गेला. छोटीनं कप धुतला, पुसला, हुकाला अडकवला.

सोमवारी संध्याकाळी मागच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, वर्तमानपत्राच्या घडीवर, दोन नासक्या कंदांच्या शेजारी निळा कप होता.

छोटी दारातच उभी राहिली. खोलीत कोरड्या मातीचा वास होता. कपावर उन्हाची तिरीप पडली होती, आणि तो अगदी साधा, रोजचा, कानापाशी टवका उडालेला कप होता.

तिनं तो परत हुकाला लावला. मंगळवारी पुन्हा कट्ट्यावर. बुधवारी तिनं तो पिशवीत घालून वाचनालयात नेला आणि आपल्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली, कुलपात ठेवला. घरी येऊन बघते, तर कट्ट्यावर दादाचा मफलर. थंडीत विसरलेला, तेव्हापासून खुंटीवर होता. नीट घडी केलेला.

तिनं तसाच दादाला फोन लावला.

"उद्या डॉक्टरकडे जा. सगळं तपासून घे. पोटाचंही."

"मला काय धाड भरलीय?"

"ताईला काय धाड भरली होती?"



"छोटे," तो म्हणाला, "तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे. तू जा. मी येते बरोबर. नाही म्हणालास तर तुझ्या दारात येऊन बसेन, सांगून ठेवते."

६

तपासण्या आठवडाभर चालल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि कागद उलटसुलट करत म्हणाल्या, "इतक्या लवकर कुणी येत नाही. तुम्हाला काही त्रास होत होता का?"

"मला बहिणीचा त्रास होता," दादा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोटातल्या गाठीचं चित्र त्याच्यापुढे सरकवलं.

ऑपरेशन उन्हाळ्याच्या अखेरीस झालं. चार तास. बाहेर येऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सगळं काढलंय, कडा स्वच्छ आहेत, नशीबवान आहात. छोटीनं त्यांचे दोन्ही हात धरले.

दादा शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं, तर, "तुला कसं कळलं गं?"

"असंच."

"असंच कसं? तुला तर भाजी खारट झालेलीही दुसऱ्यांनी सांगावी लागते."

"ताईनं सांगितलं," ती म्हणाली. तिला वाटलं तो हसेल. तो छताकडे बघत राहिला, आणि मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दिवशी तिनं वाचनालयाच्या खणातला निळा कप घरी आणला आणि गरम पाण्यानं घासून हुकाला लावला. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून, वेड्यासारखं वाटलं तरी, मोठ्यानं म्हणाली, "ताई, फार उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी कप कट्ट्यावर होता.

जुनीच सवय असेल, तिनं मनाला समजावलं. सवय कसली आणि कुणाची, यात ती शिरली नाही. कप परत लावला. पुन्हा कट्ट्यावर. तीन महिन्यांनी दादाची पहिली तपासणी झाली. रिपोर्ट निर्मळ. त्याचं वजन वाढलं, गालांवर रंग आला, तो पुन्हा शिकवायला जायला लागला आणि एका शिकाऊ बाईनं गाडी थेट भाजीच्या गाड्यावर कशी घातली याची गोष्ट साभिनय सांगायला लागला. त्या संध्याकाळी छोटी पोट धरून हसली.

आणि सकाळी मागच्या खोलीत गेली. रिपोर्ट म्हणत होता घट्ट. कट्टा म्हणत होता मऊ. आजवर कट्टा एकदाही चुकला नव्हता.

"किती दिवस?" तिनं विचारलं. "तेवढं तरी सांग."

उत्तर कुठून येणार? त्या खोलीत जे होतं त्याला दोनच गोष्टी कळत होत्या, घट्ट आणि मऊ. ताई जिवंत असती तर दादासाठी खोटं बोलली असती, कप मागल्या मागे लपवला असता, "काही नाही रे, घट्ट आहेस तू" म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. तेव्हा ही जर ताईच असेल, तर तिच्यातली माया कुठेतरी गळून गेली होती आणि नुसता अंगठा उरला होता. छोटीला पहिल्यांदाच ताईची भीती वाटली. ताईच्या जाण्याच्या दुःखापेक्षाही ते वाईट होतं.

७

शरदातली कंद पुरायची वेळ आली. आदल्या रात्री हवा गार पडली होती, माती भुसभुशीत होती. दादा हट्टानं आला. "मी भोकं पाडतो, तू कंद टाक. ड्रायव्हिंग मी करणार." त्याला वाकू द्यायचं नव्हतं, म्हणून छोटीनं त्याला घराकडे पाठ करून बुटक्या स्टुलावर बसवलं आणि हातात लाकडी खुंटा दिला. स्वतः त्याच्या समोर पोत्यावर गुडघे टेकले. तिच्या डोळ्यांसमोर मागच्या खोलीची खिडकी होती.

सकाळी तो येण्यापूर्वी तिनं एक गोष्ट केली होती. तिसऱ्यांदा केली होती. आपला हिरवा कप हुकावरून काढून कट्ट्यावर ठेवला होता, निळ्याला खेटून. पहिल्यांदा ठेवला, तेव्हा संध्याकाळी हिरवा पुन्हा हुकाला होता, धुतलेला, पुसलेला. निळा एकटाच कट्ट्यावर. दुसऱ्यांदाही तेच. दर वेळी तिला वाटलं होतं, कदाचित आपल्यालाच वेड लागलंय. आपणच उठतो, आपणच ठेवतो, आपणच विसरतो. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

आता खोली रिकामी होती. सगळे कंद टोपल्यांत घालून तिनं अंगणात आणले होते. आत निवडायला काहीच उरलं नव्हतं.

"नऊ बोटं खोल म्हणालीस?" दादानं विचारलं.

"कंदाच्या तिप्पट. टोक वर राहू दे. पालथा गेला तर बिचाऱ्याला वळसा घेऊन यावं लागतं."

"मी पण पालथाच जन्मलो होतो. आई सांगायची."

छोटी हसली, आणि हसतच तिनं मान वर केली.

काचेवर आकाश होतं, आणि आकाशामागे कट्ट्यावरचे दोन कप. सकाळचं ऊन होतं. नीट दिसत होतं. आतल्या काळोखातून एक अंगठा पुढे आला. नखात माती भरलेली. तो हिरव्या कपाच्या पोटावर टेकला, आणि दाबल्यावर अंगठा टोकाशी जसा पांढरा पडतो तसा पांढरा पडला. थोडा वेळ तसाच राहिला. मग बाकीची बोटं आली. कप अलगद उचलला गेला, आणि जपून, सांडू नये अशा बेतानं, आत गेला. मनगटापलीकडे काही दिसलं नाही. दिसलं असतं तर बघवलं असतं का, ते तिला ठाऊक नाही.

निळा कप जिथल्या तिथे राहिला. त्याला कुणी हात लावला नाही.

म्हणजे आपण घट्ट आहोत, छोटीच्या मनात आलं. आपण राहणार. ताईमागे राहिलो, दादामागेही राहणार, मग या घरात एकट्यानं चहा करणार, किती वर्षं कुणास ठाऊक. इतकी वर्षं माणसं मरायला घाबरतात असं ती ऐकत आली होती.

"काय बघतेयस?" दादा म्हणाला आणि मागे वळायला लागला.

"वळू नकोस!" ती जवळजवळ ओरडलीच. मग सावरून म्हणाली, "टाक्यांना ओढ बसेल. तू तुझं भोक पाड. आणखी जरा खोल."

"टाके कधीचेच भरले गं." पण तो वळला नाही. त्यानं खुंटा रोवून दोन्ही हातांनी फिरवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो खूश दिसत होता. "ऐक, पुढच्या वर्षी मी सगळं मिसळून लावणार आहे. लाल, पिवळे, पांढरे, घुसळून. ताईची ती पलटणीसारखी रांग मला कधीच आवडली नाही. चालेल ना?"

छोटीनं टोपलीत हात घातला. तिनं एक कंद उचलून भावाच्या तळहातावर ठेवला.

"चालेल," ती म्हणाली. "तू म्हणशील तसे लावू."